पाठ कोण बघणार?

मैत्रिणींनो, कुणी दवाखान्यातून घरी आलं की आपण भेटायला जातो. शहाळं नेतो, चार मोसंबी नेतो. खाटेजवळ बसून विचारतो, ‘जेवण जातं का?’, ‘माणसं ओळखतात का?’, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ सगळी चौकशी होते. चहा होतो. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ‘पाठ कशी आहे?’

विचारायला हवा. कारण लकवा, खुब्याचं हाड मोडणं, मणक्याला मार, मोठं ऑपरेशन, नाहीतर नुसतं म्हातारपण, अशा कोणत्याही कारणानं माणूस अंथरुणाला खिळला की मूळ दुखण्याच्या मागून दुसरं एक दुखणं गुपचूप येतं. डॉक्टर त्याला बेडसोअर म्हणतात, पुस्तकात शय्याव्रण लिहितात आणि आपल्याकडे बायका म्हणतात, ‘त्यांना पाठीला लागलंय’. लागलंय म्हणजे थोडं खरचटलंय, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ही जखम मांस खात हाडापर्यंत जाऊ शकते. तिच्यातून जंतू रक्तात शिरले तर माणूस दगावतो. आणि यातली बहुतेक दुखणी टाळता येण्यासारखी असतात! मग ती टळत का नाहीत, याचा आज थोडा हिशेब मांडू या.

दोष कुणाच्या पदरात?

आमच्या जामखेडातल्याच एका घरातली गोष्ट सांगते. सासऱ्यांना लकवा मारला. इथून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एकवीस दिवस ते तिथं होते आणि एकवीस दिवस सून खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. औषधं आणणं, रिपोर्ट आणणं, नळीतून पातळ जेवण देणं, सगळं तिनं केलं. घरी आणल्यावर चादर बदलायला मुलानं वडिलांना कुशीवर केलं तर माकडहाडावर तळहाताएवढा काळा डाग आणि वास! डिस्चार्ज कार्डावर अकरा औषधं लिहिलेली होती. पाठीबद्दल एक अक्षर नव्हतं.

फोन केला तर उत्तर आलं, ‘इथून गेले तेव्हा असं काही नव्हतं.’ भेटायला आलेल्या नणंदा, जावा एकमेकींकडे बघून म्हणाल्या, ‘सून जवळ असून असं झालं?’ आणि ती सून मला म्हणाली, ‘ताई, पाठ बघायची असते हे मला कुणी सांगितलंच नाही हो. आणि सांगितलं असतं तरी सासऱ्यांची पाठ मी कशी उघडून बघणार होते?’

जखम भरायला पाच महिने लागले. तोपर्यंत त्यांना बसवता येईना, बसवता येईना म्हणून व्यायाम होईना. लकव्यानंतरचे पहिले काही महिने हातापायांत बळ परत आणायला सगळ्यात मोलाचे असतात. ते गादीवर पालथं पडून गेले.

म्हणजे बघा, दवाखाना म्हणतो घरी झालं, घर म्हणतं सुनेमुळे झालं. जखम जिथं झाली तिथं ती कुणी पाहिलीच नाही, म्हणून ती कुणाचीच नाही. मला या विषयातली खरी अडचण हीच वाटते. उपाय माहीत नाही अशातला भाग नाही. उपाय करायला लागणारे हात आणि वेळ कुठंच मोजले जात नाहीत. आणि जे मोजलं जात नाही त्याचं ओझं शेवटी घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं, दोषासकट.

जखम होते कशी?

निरोगी माणूस झोपेतसुद्धा कितीतरी वेळा कूस बदलतो. एका बाजूला अवघडलं की शरीरच सांगतं, ‘हल जरा.’ लकव्याच्या, बेशुद्ध किंवा फार अशक्त माणसाला हे सांगणं एकतर ऐकू येत नाही किंवा ऐकू येऊनही हलता येत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा आणि मांस दाबून राहतं. त्यातल्या केसासारख्या रक्तवाहिन्या मिटतात. रक्त पोचत नाही आणि तेवढा भाग उपाशी मरतो. याला आठवडे लागत नाहीत. काही तासांत सुरुवात होऊ शकते. नुकसान बऱ्याचदा आत, हाडाजवळ आधी होतं. म्हणून वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत वाटीएवढी निघते.

त्यात लघवी-शौचाची ओल, चादरीची वळी, पेशंट ओढून वर सरकवताना त्वचेवर बसणारा ताण, मधुमेह आणि पोटात कमी अन्न, ही सगळी भर. पण मूळ कारण एकच, दाब. आणि दाबावर औषध एकच, दाब काढणं. म्हणजे माणसाला फिरवणं.

हे डॉक्टरांना आज कळलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कमरेखाली लुळे झालेले सैनिक याच जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं थोड्याच महिन्यांत मरायचे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी वॉर्ड सुरू केला आणि नियम घातला, दर दोन तासांनी प्रत्येकाला फिरवायचं, रात्रीसुद्धा. स्वतः रात्री येऊन बघायचे म्हणे. माणसं जगू लागली, चाकाच्या खुर्चीत बसून खेळू लागली. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचं मूळ त्याच दवाखान्याच्या आवारात आहे.

केईएमच्या परिचारिका

इतक्या लांब जायचंही कारण नाही. आपल्या मुंबईतच याचं उदाहरण आहे. अरुणा शानबाग हे नाव तुम्हाला आठवत असेल. परळच्या केईएम रुग्णालयातली तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्यानं तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं ती गेली. साडेएकेचाळीस वर्षं तिची काळजी केईएमच्या परिचारिकांनी घेतली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण तिचं भरवणं, पुसणं, फिरवणं थांबलं नाही. तिला तिथून हलवायचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकाच विरोधात उभ्या राहिल्या.

तिला दयामरण मिळावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०११ ला फेटाळली. पण काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालानं मोकळी केली. तेव्हा देशभर चर्चा झाली ती मरणाच्या हक्कावर. ती व्हायलाच हवी होती. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर आपण पुरेसं बोललोच नाही. सदतीस वर्षं अंथरुणावर असलेल्या या बाईच्या अंगावर बेडसोअर नव्हता, याची न्यायालयानं मुद्दाम नोंद घेतली आणि केईएमच्या माणसांचं कौतुक केलं.

जरा थांबून विचार करा. खासगी पंचतारांकित दवाखाना नव्हे, गर्दीनं ओसंडून वाहणारं महापालिकेचं रुग्णालय. तिथं सदतीस वर्षांत जी जखम होऊ दिली नाही, ती आपल्या माणसाला एकवीस दिवसांत होते. मग ‘एवढे दिवस पडून राहिलं की होणारच’ हे वाक्य आपण किती सहज मान्य करतो!

उलट बाजूचंही उदाहरण घ्या. सुपरमॅनचं काम करणारा नट ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडून १९९५ मध्ये मानेखाली लुळा झाला. पैसा होता, यंत्रं होती, माणसं होती. तरी २००४ मध्ये तो गेला तेव्हा दाबानं झालेल्या जखमेतून पसरलेल्या संसर्गावर त्याचे उपचार चालू होते. म्हणजे नुसत्या पैशानं हे टळत नाही. रोज, न चुकता, कुणीतरी बघावं लागतं. एखाद्या वेळी तरीही होते. म्हणून जखम दिसली की लगेच कुणाला फाशी द्यायचं नसतं, पण ती का झाली हे विचारायचंच असतं.

एका सिस्टरचे दोन तास

आता वॉर्डाचा हिशेब करू. समजा एका वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि त्यातले दहा जण स्वतः हलू न शकणारे आहेत. एकाला नीट फिरवायचं, त्वचा बघायची, ओलं असेल तर बदलायचं, उशा लावायच्या, तर दहा मिनिटं तरी लागतात आणि दोघं लागतात. दहा जणांना शंभर मिनिटं. दोन तासांची मिनिटं एकशेवीस. म्हणजे शेवटच्याचं झालं की जेमतेम वीस मिनिटांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात! मग इंजेक्शन, सलाईन, नवी भरती, ऑपरेशनला पाठवणं, रजिस्टर भरणं, हे कुणी आणि कधी करायचं?

नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. तुम्ही कधी रात्रपाळीला वॉर्डात बसला असाल तर तिथं किती सिस्टर होत्या ते आठवा. मी काही सांगायला नको.

खासगीत काय? तिथल्या परिचारिकांच्या तुटपुंज्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली. ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस समितीनं केली आणि ती राज्यांकडे गेली. तालुक्याच्या गावात किती जणींच्या हातात तेवढे पडतात, हे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या सिस्टरला विचारून बघा.

सिस्टर कमी पडल्या की मावशी आणि मामा. तेही कमी पडले की नातेवाईक. ‘पेशंटजवळ एक लेडीज थांबा’, हे वाक्य आपल्याकडच्या दवाखान्यांत नियमासारखं म्हटलं जातं. ती थांबलेली बाई म्हणजे दवाखान्याची बिनपगारी, बिनप्रशिक्षणाची कर्मचारी. तिला औषधाची चिठ्ठी देतात, काम शिकवत नाहीत. आणि चुकलं की जबाबदार तीच!

अमेरिकेत सरकारी विम्यानं ऑक्टोबर २००८ पासून एक नियम केला. दवाखान्यात दाखल झाल्यावर रुग्णाला खोल बेडसोअर झाला, तर त्याच्या उपचाराचा जादा पैसा दवाखान्याला मिळणार नाही. तिथली व्यवस्था वेगळी आहे, तो नियम जसाच्या तसा इकडे आणा असं मी म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. जखम कुठं झाली हे कागदावर आलं की तिला धनी मिळतो. आपल्याकडेही एनएबीएच हे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना, दाखल झाल्यावर किती जणांना बेडसोअर झाले, याचा आकडा ठेवावा लागतो. तशी पाटी असलेल्या दवाखान्यात तो आकडा विचारायला आपण का लाजावं?

जामखेडनं काय शिकवलं?

कुणी म्हणेल, हे शिकलेल्या नर्सबाईंचं काम, खेड्यातल्या बाईला कसं जमणार? या प्रश्नाचं उत्तर आमच्या जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वीच दिलंय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं इथं आलं आणि ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. कितीतरी जणी निरक्षर, गरिबाघरच्या, दलित वस्तीतल्या, काही एकट्या राहिलेल्या. त्यांना शिकवलं आणि गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग सगळं त्या बघू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून माणसं जामखेडला शिकायला आली. २००५ पासून देशभर आशा नेमल्या गेल्या, त्यामागच्या विचाराला बळ देणाऱ्यांत जामखेडचं काम होतं.

यातलं कुष्ठरोगाचं काम आपल्या विषयाला अगदी जवळचं आहे. कुष्ठरोग्याच्या पायाला जखमा होतात, बोटं झडतात, ती रोगानं सडतात असं लोक मानायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोगामुळे पाय बधिर होतो, दुखणं कळत नाही, म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत राहतो आणि दाबानं जखम होते. भार काढला, पायाला विश्रांती दिली, की ती भरते. आरोळे पतीपत्नी त्याच वेल्लोरला शिकलेले. जिथं वेदना सांगत नाही तिथं डोळ्यांनी बघावं लागतं, हे त्या पायाचं शास्त्र. अंथरुणावरच्या पाठीचं शास्त्रही तेच. शिकवलं तर गावातली बाई ते शिकते, याबद्दल जामखेडमध्ये तरी कुणी शंका घेऊ नये.

शंका आहे ती वेगळी. शिकलेल्या बाईला या कामाचा वेळ आणि मोबदला कोण देणार?

घरातला हिशेब

दोन तासांनी फिरवायचं म्हणजे दिवसाला बारा वेळा, महिन्याला तीनशे साठ वेळा. त्यातल्या चार वेळा मध्यरात्री. स्वयंपाक, मुलांच्या शाळा, शेळ्या, शेत, शिवणकाम हे सगळं सांभाळून. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरातल्या माणसांची काळजी घेणारी बाई या कामात दिवसाला सरासरी १३७ मिनिटं घालवते, पुरुष ७५ मिनिटं. आणि घरकाम त्याखेरीज, बाईचं २८९ मिनिटं, पुरुषाचं ८८. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात आलं की या १३७ चे किती होत असतील? त्या बाईची झोप कुठल्या रकान्यात लिहायची?

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी आणि पोरं. तिथं खाटेवर एखादं माणूस असेल तर त्याला फिरवणारी सत्तरीची बायको असते, नाहीतर शाळा बुडवणारी नात. तिला आपण काय सांगणार, दोन तासांचं घड्याळ लाव म्हणून?

शासनाच्या आरोग्य योजना ऑपरेशनला, दवाखान्यातल्या उपचाराला मोठा आधार देतात. त्याबद्दल वाद नाही. पण खुब्याच्या ऑपरेशनला पैसे मिळतात आणि त्यानंतर सहा आठवडे पेशंटला फिरवणाऱ्या हाताला काहीच मिळत नाही. जखम झाल्यावर ड्रेसिंगवर, अँटिबायोटिकवर, पुन्हा अॅडमिट करण्यावर जो खर्च होतो, त्याच्या किती थोड्या पैशात ती टळली असती!

आता लाजेची गोष्ट. सासऱ्यांची पाठ सुनेनं बघायची नाही, आणि मुलगा म्हणतो ‘ते बायकांचं काम’. मग बघणार कोण? बायांनो, हे घरात स्पष्ट बोला. वडिलांना पुसणं, फिरवणं, पाठ-कंबर बघणं हे मुलाचं, नातवाचं काम आहे. ताकदीचं काम आहे, दोघं लागतात, एकटीनं ओढलं तर पेशंटची त्वचा सोलते आणि आपली कंबर जाते. पुरुषांच्या वॉर्डात रात्री मुलानं थांबावं आणि सासूबाईंच्या खाटेजवळ सुनेनं. इतकी साधी वाटणी केली तरी निम्मी अडचण सुटते.

काय बघायचं, काय करायचं?

दिवसातून दोनदा, उजेडात, माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू आणि कान बघा. नळी, पट्टा किंवा प्लॅस्टरची कड टेकते तिथंही बघा. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर वेळ अजून गेलेली नाही, ती बाजू मोकळी ठेवा. दाबूनही रंग हटला नाही तर ती जखमेची सुरुवात समजा आणि सिस्टरला, डॉक्टरांना लगेच दाखवा. आपल्या सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. म्हणून शेजारच्या त्वचेशी ताडून बघा. जास्त काळपट, जांभळट, गरम किंवा गार, कडक किंवा पिचपिचीत लागतंय का?

कूस बदलताना पेशंटला थेट खुब्याच्या हाडावर आडवं करू नका. पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा, म्हणजे भार नितंबाच्या मांसल भागावर येतो. एका वेळी डावी, मग पाठ, मग उजवी, आणि वेळ भिंतीवरच्या कागदावर लिहा. मणक्याला मार असेल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर कसं फिरवायचं ते आधी डॉक्टरांकडून शिकून घ्या. वर सरकवताना ओढू नका. कमरेखाली घडी घातलेली चादर टाकून दोघांनी दोन्हीकडून उचला. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी ठेवा, टाच अधांतरी राहिली पाहिजे. खुर्चीत बसवलं तरी दाब बसतोच, तिथंही अर्ध्या तासाच्या आत भार इकडून तिकडे करायला हवा.

लघवी-शौच झाली की लगेच कोमट पाण्यानं पुसून, न घासता टिपून कोरडं करा. डायपर लावलाय म्हणून रात्रभर निर्धास्त राहू नका. चादरीला वळी नको, खाली बिस्किटाचा चुरा नको.

काही जुन्या सवयी सोडायला हव्यात. लाल झालेली जागा चोळायची नाही, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. स्पिरिटनं त्वचा कोरडी पडते, पावडरीचे थर ओले होऊन चिकटतात. कमरेखाली रबरी रिंग किंवा टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवू नका, त्यानं दाब कडेला जास्त बसतो. जखमेत हळद, राख, झाडपाला भरू नका. हवेची गादी उपयोगी आहे, पण ती आहे म्हणून फिरवणं बंद करायचं नाही. फार तर किती वेळानं फिरवायचं ते डॉक्टर ठरवतील.

आणि जेवण! आजारी माणसाला आपण पेज, साबुदाणा, चहा-बिस्किटावर ठेवतो. त्वचा आणि मांस टिकायला प्रथिनं लागतात. घट्ट वरण, मोडाच्या मटकीचं कढण, दूध, दही, शेंगदाण्याचं कूट, चालत असेल तर अंडं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

जखम काळी पडली, वास आला, पू आला, ताप आला, माणूस गुंगीत जायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना.

मागायचं काय?

हे सगळं आपण करू. पण हे सगळं फक्त आपणच करायचं का? मला तसं वाटत नाही.

पहिली गोष्ट, दाखल करताना आणि घरी सोडताना पेशंटची पाठ नातेवाइकांसमोर बघितली जावी आणि जे दिसेल ते कागदावर लिहिलं जावं. याला पैसा लागत नाही. जखम कुठली, यावरची अर्धी भांडणं तिथंच मिटतील आणि सुनेच्या माथ्यावरचा खोटा डागही पुसला जाईल. डिस्चार्ज कार्ड हातात घेण्याआधी ‘पाठ बघून लिहा’ एवढं म्हणायला शिका.

दुसरी, खाटेच्या पायथ्याशी फिरवण्याच्या वेळांचा तक्ता हवा आणि घरी सोडायच्या आधी अर्धा तास तरी, घरातल्या एका बाईला आणि एका पुरुषाला, फिरवणं हातानं करून दाखवायला हवं.

तिसरी, वॉर्डातल्या सिस्टरच्या रिकाम्या जागा. त्यांच्या संपाची, मोर्च्याची बातमी वाचून आपण ‘पेशंटचे हाल’ म्हणून हळहळतो. त्या ज्या जागा भरा म्हणतात, त्या आपल्याच माणसाच्या पाठीसाठी असतात.

चौथी, गावातली. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि दीर्घ आजाऱ्यांची काळजी आहे. केरळनं २००८ मध्येच यासाठी धोरण केलं. तिथं पंचायतींच्या मदतीनं नर्स घरोघरी जाते, शेजारचे स्वयंसेवक सोबत असतात. आपल्या ग्रामसभेत विचारा, आपल्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि त्यांच्या घरी महिन्यातून कितीदा कोण जातं? आशाताईंवर हे काम टाकायचं असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवून. नाहीतर एका बाईच्या डोक्यावरचं बिनपगारी ओझं उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होईल.

आणि एक काम बचत गटाला आजही जमेल. हवेची गादी घरोघरी कायमची लागत नाही. पेशंट बरा झाला किंवा गेला की ती माळ्यावर पडून राहते. गटानं दोन गाद्या घेतल्या, नाममात्र भाड्यानं फिरवल्या आणि त्यासोबत एखाद्या निवृत्त सिस्टरनं फिरवायचं कसं ते घरी जाऊन दाखवलं, तर गावातल्या दहा पाठी वाचतील. अशा गटांची खबर मला जरूर कळवा. पुढच्या वेळी मला त्यांच्याबद्दल लिहायला आवडेल.